१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता: लिंक-लोकल व्यवस्थेची पार्श्वभूमी

इंटरनेट बंद पडल्यावर संगणकाच्या नेटवर्क तपशिलात पुष्कळदा १६९.२५४ ने सुरू होणारा एक आयपी पत्ता दिसतो, आणि बहुतेकांना तो बिघाडाची खूण म्हणूनच ठाऊक असतो. वास्तविक तो संगणकाने स्वतःच निवडलेला लिंक-लोकल पत्ता असतो. तो फक्त त्याच केबलवर, स्विचवर किंवा वाय-फायवर जोडलेल्या यंत्रांशी संपर्क साधण्यापुरता चालतो आणि राउटरने अशा पत्त्याचे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पुढे पाठवायचे नसते.

यंत्राने स्वतःचा पत्ता स्वतः ठरवण्याची पद्धत आयपीच्या जगात जन्मलेली नाही. १९८५ च्या सुमारास ॲपलने आणलेल्या ॲपलटॉक या नेटवर्क पद्धतीत प्रत्येक यंत्र एक क्रमांक निवडून तो दुसऱ्या कोणाकडे आहे का हे केबलवरच विचारत असे, त्यामुळे लहान कार्यालयात मॅक आणि प्रिंटर जोडायला जाणकाराची गरज पडत नसे. आयपीची घडण मात्र विद्यापीठे आणि संशोधन संस्थांत झाली. तिथे नेटवर्क सांभाळणारा माणूस असणारच, असे गृहीत होते. १९९३ मध्ये डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत, प्रमाणित झाल्यावर त्या माणसाचे पत्तेवाटपाचे काम सर्व्हरकडे गेले, पण सर्व्हरच नसेल तर काय, हा प्रश्न उरलाच.

यंत्राने पत्ता स्वतःच निवडावा, हे त्याचे पहिले व्यापक उत्तर १९९८ मध्ये विंडोज ९८ आणि मॅक ओएस ८.५ यांतून आले. पुढच्या वर्षी आयईटीएफ या इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने झिरोकॉन्फ नावाचा कार्यगट नेमला, आणि स्टुअर्ट चेशायर, बर्नार्ड अबोबा व एरिक गटमन यांनी लिहिलेला आरएफसी ३९२७ (आरएफसी म्हणजे या संस्थेचे क्रमांकित दस्तऐवज) हा दस्तऐवज मे २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पद्धत लाखो घरांत पोचली तेव्हा तिचे अधिकृत प्रमाण अस्तित्वातच नव्हते.

या दस्तऐवजातील पद्धत साधी असली तरी तिच्यातले बारकावे विचारपूर्वक ठरवलेले आहेत. यंत्र १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या टप्प्यातील ६५,०२४ पत्त्यांपैकी एक यादृच्छिकपणे उचलते. या यादृच्छिक निवडीची सुरुवात ज्या आकड्यापासून होते तो शक्यतो नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या कायम क्रमांकावरून, घेतलेला असल्याने यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही बहुधा तोच पत्ता मिळतो. मग ते एआरपीच्या, म्हणजे एखादा आयपी पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे विचारण्याच्या पद्धतीच्या, तीन चौकश्या पाठवते, आणि त्यांत प्रेषकाच्या आयपी पत्त्याच्या जागी शून्य लिहिते, कारण तो पत्ता आधीच कोणाचा असेल तर इतर यंत्रांच्या नोंदी बिघडू नयेत. कोणी हरकत घेतली नाही तरच पत्ता आपला म्हणून जाहीर होतो. एकाच नेटवर्कवर १,३०० यंत्रे आधीच असली तरी पहिल्याच प्रयत्नात मोकळा पत्ता मिळण्याची शक्यता ९८ टक्के राहते.

आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीत हीच कल्पना पायाशी बसवली गेली, आणि तीही आयपीव्ही४ च्या, म्हणजे आतापर्यंत पाहिलेल्या जुन्या आवृत्तीच्या, दस्तऐवजाआधी जवळजवळ दहा वर्षे. डिसेंबर १९९५ च्या आरएफसी १८८४ मध्येच एफई८० ने सुरू होणारे लिंक-लोकल पत्ते आहेत. जागतिक पत्ता असो वा नसो, प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे यंत्राच्या प्रत्येक नेटवर्क जोडणीला, लिंक-लोकल पत्ता असावाच लागतो. राउटर आपली घोषणाही त्याच पत्त्यावरून करतो. त्याच जोडणीवरची शेजारी यंत्रे शोधण्याच्या संदेशांची हॉप मर्यादा, म्हणजे संदेश किती टप्पे जाऊ शकतो तो आकडा, २५५ असते, आणि प्रत्येक राउटर ती एकाने कमी करत असल्यामुळे २५५ हाच आकडा घेऊन आलेला संदेश बाहेरून आलेला नाही, याची खात्री पटते. मात्र एकाच यंत्राच्या दोन इंटरफेसवर एफई८० चेच पत्ते असल्याने पत्त्यानंतर इंटरफेसचे नावही लिहावे लागते, आणि नवशिके नेमके तिथेच अडखळतात.

आयपीव्ही४ च्या या टप्प्याला पुढे एक अनपेक्षित वापर मिळाला. हे पत्ते हाताने नेमून देऊ नयेत अशी आरएफसी ३९२७ ची सूचना असूनही ॲमेझॉनच्या क्लाउडने १६९.२५४.१६९.२५४ हा ठराविक पत्ता आभासी यंत्रांना, म्हणजे क्लाउडमध्ये भाड्याने मिळणाऱ्या संगणकांना, त्यांची माहिती व तात्पुरती ओळखपत्रे पुरवण्यासाठी वापरला. पत्ता बाहेरून गाठता येत नाही हे खरे, पण यंत्रावरच्या एखाद्या सदोष प्रोग्रॅमला फसवून त्याच्याकरवी विनंती करवता येते. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या माहितीची चोरी अशाच वाटेने झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने या सेवेची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात आधी टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना-संकेत, मागावे लागते, आणि ते टोकन घेऊन येणाऱ्या उत्तराची हॉप मर्यादा मुळातच १ ठेवलेली आहे.