औषधांची जोडी जमते की नाही, हे कसे ठरते?

डोसेटॅक्सेल या केमोच्या औषधाने पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात, हे २००४ साली १,००६ रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झाले. हार्मोन उपचारांना दाद देईनाशा झालेल्या अवस्थेतले हे रुग्ण होते. दर तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेल मिळालेल्या गटातले निम्मे रुग्ण १८.९ महिन्यांनंतरही हयात होते. मायटोझँट्रोन या जुन्या औषधाच्या गटात हाच आकडा १६.५ महिने होता. फायदा जेमतेम अडीच महिन्यांचा, पण या आजारात आयुष्य वाढवणारे पहिले केमो हाती आले होते. साहजिकच पुढची दहा वर्षे एकच खटपट चालली: याच्या जोडीला आणखी काय देता येईल?

बेव्हासिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, अट्रासेंटान, झिबोटेंटान, दसातिनिब, कस्टिरसेन, लेनालिडोमाइड, कॅल्सिट्रिऑल. सुरुवातीच्या प्रयोगांत आशा दाखवून ही औषधे एकेक करून मोठ्या चाचण्यांत उतरली आणि एकाही जोडीने डोसेटॅक्सेलला मागे टाकले नाही. शेवटच्या दोन औषधांच्या चाचण्या तर मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण जोडी मिळालेल्या गटात मृत्यू जास्त होत होते.

या दोन्ही चाचण्या नीट पाहण्यासारख्या आहेत. लेनालिडोमाइड रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करते आणि डोसेटॅक्सेलही तेच करते. दोन्हींचा मार एकाच ठिकाणी पडल्याने रुग्णांना ताप, जंतुसंसर्ग होऊ लागले, केमो पुढे ढकलावे किंवा बंद करावे लागले. तुलना गटाला डोसेटॅक्सेलची साधारण ८ सायकल्स (तीन आठवड्यांची एक फेरी) मिळाली, तर जोडी घेणाऱ्यांना ६. म्हणजे नव्या औषधाने जुन्या, खात्रीच्या औषधाचाच हिस्सा कमी केला. कॅल्सिट्रिऑलच्या चाचणीत चूक आखणीतच होती. एका गटाला तीन आठवड्यांनी एकदा डोसेटॅक्सेल आणि दुसऱ्या गटाला कॅल्सिट्रिऑलसोबत दर आठवड्याला डोसेटॅक्सेल, असे ठरले. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. निकाल वाईट लागल्यावर दोष कॅल्सिट्रिऑलचा की आठवड्याच्या वेळापत्रकाचा, हे त्या चाचणीतून सांगणे अशक्य झाले.

प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशी टेस्टोस्टेरॉनवर वाढतात. म्हणून पसरलेल्या आजारात पहिले पाऊल म्हणजे हे हार्मोन तोडणे. त्यासाठी शस्त्रक्रियेने दोन्ही वृषण काढतात किंवा ल्युप्रोलाइड, गोसेरेलिनसारखी इंजेक्शने देतात. रक्तातले टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली यावे लागते. या इंजेक्शनांनी पहिला एखाद-दुसरा आठवडा हार्मोन उलट वाढते, त्यामुळे मणक्यात गाठी असलेल्या रुग्णाला सुरुवातीला बायकॅलुटामाइडसारख्या गोळीचे संरक्षण देतात. पुढे सांगितलेली प्रत्येक जोडी या पायावरच उभी आहे. हार्मोन-तोड कोणत्याही गटात बंद होत नाही.

डोसेटॅक्सेलची गोष्ट पुढे वेगळ्याच वळणावर गेली. तेच औषध, तोच डोस, पण हार्मोन उपचार निकामी होण्याची वाट न पाहता त्यांच्या सुरुवातीलाच दिले तर? अमेरिकेतल्या ‘चार्टेड’ या ७९० रुग्णांच्या चाचणीने २०१५ मध्ये याचे उत्तर दिले. फक्त हार्मोन-तोड मिळालेल्यांचे मध्यमान आयुष्य (निम्मे रुग्ण जितका काळ हयात राहिले तो काळ) ४४ महिने, तर सोबत डोसेटॅक्सेलची ६ सायकल्स मिळालेल्यांचे ५७.६ महिने. आजार जास्त पसरलेल्यांत, म्हणजे यकृत-फुप्फुसासारख्या अवयवांत गाठी असलेल्या किंवा हाडांत चार वा अधिक गाठी आणि त्यातली किमान एक मणके-कटीबाहेर असलेल्या रुग्णांत, फरक आणखी ठळक होता: ३२.२ विरुद्ध ४९.२ महिने. नवे औषध शोधण्यात दशक गेले आणि मोठा लाभ जुन्याच औषधाची वेळ बदलून मिळाला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

याच प्रश्नावरची आधीची एक फ्रेंच चाचणी मात्र फायदा दाखवू शकली नव्हती. तिच्यात ३८५ रुग्ण होते. अशा चाचणीची ताकद रुग्णांच्या संख्येपेक्षा घडलेल्या मृत्यूंच्या संख्येवर अवलंबून असते. मृत्यूचा धोका पाव हिश्शाने कमी होत असेल आणि तो फरक आपल्या नजरेतून न सुटण्याची खात्री ८० टक्के हवी असेल, तर दोन समान गटांत मिळून सुमारे ३८० मृत्यू नोंदले जावे लागतात. आकडा कठोर वाटतो, पण त्याहून कमी नोंदींवर काढलेला ‘फायदा नाही’ हा निष्कर्ष रुग्णांचेच नुकसान करतो. हार्मोन उपचारांवर माणसे चार-पाच वर्षे जगतात, म्हणून या चाचण्या इतक्या लांबतात.

एका जोडीला सात-आठ वर्षे लागणार असतील तर दहा जोड्या कधी तपासायच्या? ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीने यावर तोडगा काढला. एकच तुलना गट आणि त्याच्याशी एकाच वेळी ताडून पाहायचे पाच गट: झोलेड्रोनिक ॲसिड (हाडे बळकट ठेवणारे औषध), डोसेटॅक्सेल, सेलेकॉक्सिब (सूज-वेदनेवरची गोळी), आणि झोलेड्रोनिक ॲसिडसोबत उरलेल्या दोहोंपैकी एकेक. कोण कुठल्या गटात जाणार हे संगणक सोडतीने ठरवतो. तुलना गटात दोन जण गेले तर बाकी प्रत्येक गटात एक, असे प्रमाण ठेवले होते. तुलना गट मोठा ठेवण्याचे कारण सरळ आहे, पाचही हिशेब त्याच्याच भरवशावर होतात.

मधल्या टप्प्यांवर आजार पुन्हा डोके वर काढतो का, हे पाहायचे. ठरवलेल्या उंबरठ्याच्या खाली राहिलेल्या गटात नवी भरती बंद. सेलेकॉक्सिबचे दोन्ही गट २०११ मध्ये असेच थांबले. त्याच वर्षी त्याच चाचणीत अबिराटेरोन या हार्मोनविरोधी गोळीचा नवा गट उघडला. नवी चाचणी उभारायला लागणारी परवानग्यांची, रुग्णालये जोडण्याची वर्षे वाचली. शेवटी जवळपास १२,००० पुरुष या एका चाचणीत सामील झाले. एक पथ्य मात्र कडक पाळावे लागते. २०१२ मध्ये आलेल्या रुग्णाची तुलना २००६ मध्ये आलेल्याशी करायची नाही, कारण मधल्या काळात स्कॅन सुधारतात, पुढचे उपचार बदलतात. प्रत्येक नव्या गटाचा हिशेब त्याच काळात तुलना गटात आलेल्यांशीच होतो.

अबिराटेरोनचा निकाल २०१७ मध्ये आला. १,९१७ रुग्ण, मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी कमी. हा आकडा बातम्यांत हमखास चुकीचा वाचला जातो. शंभरातले ३७ वाचले असा त्याचा अर्थ नव्हे. तीन वर्षांनी जोडी मिळालेल्यांपैकी शंभरात ८३ हयात होते, फक्त हार्मोन-तोड मिळालेल्यांपैकी ७६. सात माणसांचा फरक मोठाच आहे, पण तो सात म्हणूनच सांगावा.

मग अबिराटेरोन आणि एन्झालुटामाइड दोन्ही एकत्र? एक टेस्टोस्टेरॉन तयार होऊ देत नाही, दुसरे उरलेसुरले हार्मोन पेशीला चिकटू देत नाही. कागदावर जोडी सुरेख दिसते. अमेरिकेत १,३११ रुग्णांवर ती तपासली गेली. एकट्या एन्झालुटामाइडवर मध्यमान आयुष्य ३२.७ महिने, जोडीवर ३४.२, हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. दुष्परिणाम मात्र वाढले. एक कारण रक्ताच्या नमुन्यांत सापडले. एन्झालुटामाइड यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा जोरात चालू करते आणि त्यामुळे अबिराटेरोन शरीरातून दुपटीहून अधिक वेगाने बाहेर पडत होते. स्टॅम्पीडमध्येही हे दोन्ही मिळून अबिराटेरोनपेक्षा अधिक काही देऊ शकले नाहीत.

सर्वांत कडू अनुभव रेडियम-२२३ चा. हे किरणोत्सर्गी द्रव्य शरीराला कॅल्शियमसारखे भासते, त्यामुळे हाडातल्या गाठींभोवती जाऊन बसते आणि अगदी जवळच्या अंतरावर अल्फा किरणांचा मारा करते. महिन्याला एक अशी सहा इंजेक्शने. एकट्याने दिल्यावर ते आयुष्य वाढवते हे आधीच ठाऊक होते. अबिराटेरोनसोबत ते ८०६ रुग्णांवर तपासायला घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोणाला रेडियम आणि कोणाला औषध नसलेले नुसतेच सलाइन, हे वेळेआधी उघड करावे लागले, कारण देखरेख समितीला जोडीच्या गटात फ्रॅक्चर आणि मृत्यू जास्त दिसत होते. अंतिम आकडे २९ टक्के विरुद्ध ११ टक्के फ्रॅक्चरचे आले. बरीचशी हाडे जिथे कॅन्सर नव्हता अशा जागी मोडली होती. हार्मोन-तोडीने हाडे आधीच विरळ होतात, अबिराटेरोनसोबत द्यावे लागणारे स्टेरॉइड त्यात भर घालते आणि रेडियम निरोगी हाडाच्याही नव्या वाढीत शिरते. हाडे बळकट ठेवणारे औषध निम्म्याहून कमी रुग्ण घेत होते.

त्याच वेळी युरोपात रेडियम आणि एन्झालुटामाइड या जोडीची ‘पीस-३’ चाचणी सुरू होती. ती बंद न करता आयोजकांनी २०१८ मध्ये नियम बदलला: प्रत्येक रुग्णाला झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सक्तीचे. हे औषध न घेणाऱ्यांत जोडीच्या गटात दीड वर्षात सुमारे ४६ टक्क्यांना फ्रॅक्चर झाले होते. घेणाऱ्यांत प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास उतरले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात जोडीवर मध्यमान आयुष्य ४२.३ महिने होते, एकट्या एन्झालुटामाइडवर ३५. ज्या द्रव्याची जोडी धोकादायक म्हणून टाकून दिली जात होती, तेच हाडे सांभाळल्यावर सात महिने देऊन गेले. (हे हाडांचे औषध सुरू करण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन वाचवता न येणारे दात काढून घ्यावेत. औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचे हाड उघडे पडून न भरणारी जखम होऊ शकते.)

आता तिहेरी उपचारांकडे. २०२२ मध्ये ‘अरासेन्स’ या सुमारे १,३०० रुग्णांच्या चाचणीत हार्मोन-तोड आणि डोसेटॅक्सेल यांत डॅरोलुटामाइड या एन्झालुटामाइडच्याच जातीच्या गोळीची भर घातल्यावर मृत्यूचा धोका ३२ टक्क्यांनी कमी झाला. ‘पीस-१’ मध्ये डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांत अबिराटेरोनच्या भरीनेही लाभ दिसला. पण या दोन्ही तुलनांत समोरच्या गटाला काय मिळत होते ते पाहा: हार्मोन-तोड आणि डोसेटॅक्सेल. म्हणजे केमो घेणाराच असाल तर ही गोळीही घ्या, एवढे सिद्ध झाले. गोळी घेणाऱ्याने केमोही घ्यावे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि या चाचण्यांनी तो विचारलेलाच नव्हता. केमोची सहा सायकल्स सोसायची की नाही, हे ठरवणाऱ्या सत्तरीतल्या माणसासाठी हा फरक शब्दांचा खेळ नाही.

जोडी काम करते की नाही हे मोजतानाही फसगत होते. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे, आजाराचा अंदाज देणारे प्रथिन) खाली आला म्हणजे आयुष्य वाढलेच असे नाही. उलट, उपचार लागू पडत असताना बरे होणारे हाड बोन स्कॅनवर जास्त चमकते आणि आजार वाढल्यासारखे दिसते. म्हणून चाचण्यांत ‘दोन अधिक दोन’ नियम पाळतात. पहिल्या स्कॅनवर दोन किंवा अधिक नवे ठिपके दिसले तरी लगेच उपचार बंद नाहीत. पुढच्या स्कॅनवर आणखी किमान दोन नवे दिसले तरच आजार वाढला असे धरायचे.

रुग्णाच्या बाजूने पाहता रोजच्या गोष्टींतच बरेच बिघडते. डोसेटॅक्सेल शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे १.७ चौरस मीटरच्या माणसाला साधारण १२७ मिलिग्रॅम. प्रत्येक सायकलआधी रक्ताच्या दर घन मिलिमीटरला न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,५०० च्या वर हवेत आणि यकृताचे अहवाल ठीक हवेत. साधारण सातव्या-आठव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. अबिराटेरोनच्या गोळ्यांसोबतचे प्रेडनिसोलोन ‘स्टेरॉइड नको’ म्हणून परस्पर सोडणारेही असतात. अबिराटेरोनने कॉर्टिसॉल घटते, मेंदूकडून त्याची मागणी वाढते आणि भलतीच हार्मोन्स साचून रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, पाय सुजतात. ती लहान गोळी हे रोखते.

अबिराटेरोनचा ठरलेला डोस १,००० मिलिग्रॅम, रिकाम्या पोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतल्यास रक्तात जाणारे प्रमाण दहापटीपर्यंत वाढू शकते. याचाच उपयोग करून २०१८ मध्ये ७२ रुग्णांच्या एका चाचणीत कमी चरबीच्या न्याहारीसोबत फक्त २५० मिलिग्रॅम दिले गेले आणि १२ आठवड्यांनी पीएसएतली घट पूर्ण डोसइतकीच आढळली. औषधाचा खर्च खिशातून करणाऱ्या आपल्याकडच्या घरांसाठी चौथ्या हिश्शात भागणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण चाचणी लहान होती, मोजमाप पीएसएचे होते, आयुष्याचे नव्हे. डोस बदलायचा तर डॉक्टरांशी बोलून, न्याहारीला काय खायचे हे ठरवून आणि रक्तदाब-पोटॅशियम तपासत राहूनच.

भारतात होणाऱ्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती नोंद इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. चाचणीत येण्याचा प्रस्ताव आला तर तिथे तुलना गटाचा रकाना आधी वाचावा: मला नवी जोडी मिळाली नाही, तर काय मिळेल? उत्तर आजच्या प्रमाणित उपचारापेक्षा कमी असेल तर सही करण्याआधी का म्हणून विचारावे. संमतीपत्र आपल्या भाषेत मागून घेणे हा हक्क आहे, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास तिचा उपचार मोफत करण्याची जबाबदारी २०१९ च्या नियमांनी प्रायोजकावर टाकली आहे. ते कलम संमतीपत्रात कोणत्या पानावर आहे, हे बोट ठेवून दाखवायला सांगावे.