हरणं खंगायला लागली कुठून? सीडब्ल्यूडीची मागची गोष्ट

‘झोंबी हरीण’ नावाचा फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो, बरगड्या निघालेलं, मान टाकून उभं राहिलेलं, लाळ गळणारं एक हरीण आणि खाली ‘नवीन व्हायरस’ वगैरे. तर नवीन नाहीये आणि व्हायरस पण नाहीये. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (सीडब्ल्यूडी), म्हणजे सरळ मराठीत हरीण खंगत खंगत मरणं, हे पहिल्यांदा दिसलं १९६७ ला, अमेरिकेत कोलोराडोमधल्या फोर्ट कॉलिन्सला, आणि ते पण जंगलात नाही तर सरकारी वन्यजीव खात्याच्या रिसर्च सेंटरमध्ये, कुंपणाच्या आत पाळलेल्या हरणांमध्ये.

तिथं म्यूल डिअर ठेवलेले, खेचरासारखे मोठे कान असतात म्हणून ते नाव. खायला मिळतंय तरी वाळत चाललेत, पाणी मात्र सारखं पितायत, नुसतं शून्यात बघत उभे, आणि शेवटी मेले. लोकांना वाटलं कोंडून ठेवल्याचा ताण असेल, चाऱ्यात काहीतरी कमी असेल. असं जवळजवळ दहा वर्षं चाललं. मग १९७०च्या दशकाच्या शेवटी एलिझाबेथ विल्यम्स नावाच्या पशुवैद्यक संशोधक बाईंनी मेलेल्या हरणांचे मेंदू मायक्रोस्कोपखाली घेतले तर मेंदूत बारीक बारीक भोकं, अक्षरशः स्पंज. मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगात असंच दिसतं, आणि तो रोग युरोपातल्या धनगरांना जवळजवळ अडीचशे वर्षं माहीत होता. विल्यम्स आणि स्टुअर्ट यंग यांचा पेपर १९८० ला आला, त्यात कोलोराडो आणि वायोमिंगमधल्या बंदिस्त जागांतल्या ५३ म्यूल डिअरची नोंद आहे.

आता हे कशानं होतं? १९८२ ला स्टॅन्ली प्रुसिनर यांनी ‘प्रायॉन’ हा शब्द आणला. जंतू नाही, डीएनए नाही, नुसतं चुकीची घडी पडलेलं एक प्रोटीन, जे शेजारच्या चांगल्या प्रोटीनला पण तशीच घडी पाडतं आणि हे पुढे पुढे सरकत जातं. तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, १९९७ ला त्यांना नोबेल मिळालं. आणि जे जिवंतच नाही ते मारणार कसं, उकळून नाही, औषधानं नाही. त्याच फोर्ट कॉलिन्सच्या सेंटरमध्ये १९८५ ला सगळी जनावरं काढून टाकली, जमीन नांगरली, क्लोरीनवालं जंतुनाशक पुन्हा पुन्हा फवारलं, वर्षभर जागा रिकामी ठेवली आणि मग जंगलातून आणलेली एल्कची (हे पण हरीणच, आकारानं मोठं) पिल्लं सोडली. त्यातली दोन पुढे याच रोगानं गेली. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भीतीदायक भाग हाच आहे, कारण आजारी हरणाच्या लाळेतून, मुतातून, लेंड्यांमधून प्रायॉन मातीत जातात आणि माती ते वर्षानुवर्षं धरून ठेवते.

तोवर रोग बाहेर पडलाच होता, १९८१ ला कोलोराडोतल्याच रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या जंगली एल्कमध्ये सापडला. सेंटरमधून जंगलात गेला का जंगलातून सेंटरमध्ये आला, यावर आजपण वाद आहे.

पण पुढचा प्रवास बघितला तर हरणांच्या पायापेक्षा ट्रकची चाकं जास्त कामाला आली असं मला वाटतं. एल्कच्या कोवळ्या शिंगांना कोरियात औषधासाठी मोठी मागणी, शिवाय मोठ्या शिंगांचे नर पैसे घेऊन शिकारीला देणं हा पण धंदा, त्यामुळे एल्क फार्म निघाले आणि जिवंत जनावरांची खरेदी-विक्री सुरू झाली. १९९६ ला कॅनडात सस्कॅचेवानच्या एका फार्मवर केस निघाली, धागा अमेरिकेतल्या साउथ डकोटातून आणलेल्या एल्कपर्यंत गेला. कॅनडानं हजारो पाळीव एल्क मारले. पण त्याच कॅनडातून १९९०च्या दशकात दक्षिण कोरियाला पण एल्क गेले होते, २००१ ला तिथं रोग सापडला. आता पॅसिफिक महासागर काही एल्कनं पोहून ओलांडला नाही.

बरं, १९९६ हेच वर्ष ब्रिटनच्या मॅड काऊचं पण, म्हणजे गायींचा प्रायॉन रोग माणसात आलाय हे तिथल्या सरकारनं मार्चमध्ये कबूल केलं. त्यामुळे फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच, पांढऱ्या शेपटीच्या जंगली हरणांत रोग सापडला तेव्हा लोक हादरले. तिथं नोव्हेंबरची शिकार म्हणजे घरोघरचा सणच, फ्रीझर भरून मांस असतं. सरकारनं त्या भागातली हरणं जवळपास संपवूनच टाकायचं ठरवलं, जमीनमालकांनी साथ दिली नाही, काही वर्षांनी तो प्लॅन गुंडाळला.

नॉर्वेची गोष्ट मात्र या ट्रकच्या हिशोबात बसत नाही. २०१६ ला नॉर्डफ्येला भागात रेनडिअरला माग काढायची कॉलर लावायला गेलेल्या टीमला एक आजारी मादी सापडली आणि तपासणीत हाच रोग निघाला, पण तिथला प्रकार अमेरिकेपेक्षा वेगळा, म्हणजे तिकडून आलेला नाही. नॉर्वेनं दोन हजारांवर रेनडिअरचा तो अख्खा कळप २०१८ पर्यंत मारून टाकला. तरी २०२० ला शेजारच्या हार्डांगरविड्डा पठारावर केस निघालीच.

एक सांगायचं राहिलं, आपण सरसकट सगळ्यांना हरीण म्हणतो पण काळवीट आणि चिंकारा हे पोकळ, कायम शिंगांचे, कुरंग कुळातले. हा रोग शिंगं गाळणाऱ्या सारंग कुळाचा, म्हणजे एल्क, मूस, रेनडिअर वगैरे. आपले चितळ आणि सांबर त्याच कुळातले.

माणसाला हा रोग झाल्याची एकही पक्की केस आजपर्यंत नाही, तरी पॉझिटिव्ह हरणाचं मांस खाऊ नका असंच अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते. २०२३ ला अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्येही एक म्यूल डिअर पॉझिटिव्ह निघालं. विस्कॉन्सिनचे शिकारी आता रस्त्याकडेच्या पेटीत तपासणीसाठी हरणाचं मुंडकं टाकतात, टॅग लावतात आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवतात.