स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची अखेरची शुश्रूषा : सोलापूर

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) हा मेंदूचा वाढत जाणारा आणि अखेर जीव घेणारा आजार आहे, हे मान्य करून शेवटच्या काळात रुग्णाला दिलेला आराम आणि आधार म्हणजे ही शुश्रूषा. ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणून आजाराकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. माणसाने अंथरूण धरले तरी हा शेवट आहे, असे घरच्यांना स्पष्ट सांगायला कोणी धजत नाही.

या टप्प्यात बोलणे पाच-सहा शब्दांवर येते, चालणे थांबते, पुढे मानही सावरत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत एक गोष्ट हमखास जाणवते : नंतर शिकलेली मराठी आधी विसरली जाते. आजी ‘नीळ्ळु’ म्हणत राहते आणि मराठीत वाढलेल्या नातवाला ती पाणी मागतेय हे कळत नाही. असे चार शब्द घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्यावेत.

सर्वांत कठीण प्रश्न खाण्याचा. घास गालात तसाच राहतो, पाण्याने ठसका लागतो, अन्नाचे कण श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. अमेरिकेतील शुश्रूषागृहांतल्या ३२३ रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात सुमारे ८६ टक्के रुग्णांना खाण्याच्या अडचणी आल्या आणि १८ महिन्यांत निम्म्याहून अधिक दगावले. जन्मभर आवडलेली कडक भाकरी आणि भुरभुरीत शेंगाचटणी इथे धोक्याची ठरते. मऊ भात, दाट दही, ज्वारीची घट्टसर आंबील चालते. टेकून बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, अर्धा चमचा द्यावा आणि गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. नाकातून किंवा पोटात नळी घातल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे आढळलेले नाही. उलट नळी उपसू नये म्हणून कित्येकदा हात बांधावे लागतात. ‘उपाशी ठेवलं’ हा पाहुण्यांचा ठपका लेकीसुनांना फार लागतो. खाणे सुटते ते आजार शेवटाला आल्यामुळे, हे डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगायला हवे. त्यातही घरी बिड्या वळणाऱ्या सुनेची मजुरी दर हजार बिड्यांच्या हिशेबाने. भरवण्यात गेलेला तास थेट तिच्या सुपातून वजा होतो.

दुखते हे रुग्ण सांगू शकत नाही. कण्हणे, कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना अंग चोरणे, यांवरून ते ओळखावे लागते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे गेला की घामाने पाठीला चट्टे (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) लवकर पडतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि चादर कोरडी ठेवावी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे किती अवघड आहे, ते करणाऱ्यालाच ठाऊक. तीव्र वेदनांसाठीचे मॉर्फिन मिळणे २०१४ च्या कायदादुरुस्तीने सुकर केले.

नळी, व्हेंटिलेटर नको असल्यास तसे इच्छापत्र करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. मात्र ते आजाराच्या सुरुवातीलाच, समज शाबूत असताना करावे लागते.

शेवटच्या दिवसांत गिळणे पूर्ण थांबते. तेव्हा चमचाभर पाणी घशात ओतू नये. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ भिजवावी. मुखी गंगाजल घालायचे असेल तर तेही त्याच कापसाने, थेंबभर.