एक वर्ष, दोन वर्षे आणि पुन्हा एक वर्ष : बी.एड., एम.एड.च्या कालावधीची पार्श्वभूमी

अध्यापक शिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेने फेब्रुवारी २०२५मध्ये नव्या नियमावलीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला केला, आणि दहा वर्षांपूर्वी बंद झालेले एक वर्षाचे बी.एड. व एक वर्षाचे एम.एड. त्यात पुन्हा दिसले. शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणांमध्ये ‘जुने बी.एड. परत आले’ अशीच त्याची चर्चा झाली. वस्तुस्थिती तशी नाही. मसुद्यातील एक वर्षाचे बी.एड. हे चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आहे, आणि तीन वर्षांच्या पदवीधराला २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दोन वर्षांचाच अभ्यासक्रम सांगितला आहे. तरीही लोकांनी या बातमीचा तसा अर्थ का लावला, हे समजण्यासाठी २०१४च्या निर्णयाकडे आणि त्याआधीच्या काही घडामोडींकडे वळावे लागते.

पदवीधराला शिक्षक होण्यासाठी थोडकेच प्रशिक्षण पुरे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिक्षणविषयक १८५४च्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला, तो प्रामुख्याने प्राथमिक शाळांसाठी होता. १८८२च्या आयोगाने माध्यमिक शिक्षकांचा विचार करताना पदवीधरांचा अभ्यासक्रम इतरांपेक्षा कमी मुदतीचा असावा असे सुचवले. विषय त्याला येतोच, फक्त तो शिकवण्याची रीत द्यायची, असा त्यामागचा हिशेब होता. १९०४च्या सरकारी ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचा, विद्यापीठाच्या पदवीकडे किंवा पदविकेकडे नेणारा अभ्यासक्रम मांडला आणि त्याच ठरावात प्रत्येक प्रशिक्षण महाविद्यालयाला जोडलेली एक सराव शाळा असावी असेही सांगितले. या दोन शिफारशी एकाच वेळी झाल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहिली पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली, तर दुसरी मोजक्या जुन्या संस्था सोडल्या तर कागदावरच विरत गेली.

मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण महाविद्यालय १९०६मध्ये सुरू झाले. बी.टी. (बॅचलर ऑफ टीचिंग) ही पदवी जुन्या पिढीतील मुख्याध्यापकांच्या नावापुढे असे, ती याच परंपरेतली. १९३६मध्ये मुंबईच्या विद्यापीठाने एम.एड. सुरू केले, आणि देशात ही पदवी प्रथम देण्याचा मान त्याच्याकडे जातो. पुण्यात १९४१मध्ये शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय निघाले. स्वातंत्र्यानंतर बी.टी.चे बी.एड. झाले आणि ‘प्रशिक्षण’ या शब्दाच्या जागी ‘अध्यापक शिक्षण’ हा शब्द रुजवण्याचा प्रयत्न झाला. १९६४-६६च्या शिक्षण आयोगाने पदवीधरांसाठी एक वर्षाचीच मुदत कायम ठेवली, मात्र वर्षातील कामाचे दिवस २३०पर्यंत वाढवावेत असे सांगितले. एका वर्षात शिक्षक घडत नाही, ही जाणीव त्या शिफारशीत स्पष्ट दिसते. कामाचे दिवस मात्र प्रत्यक्षात त्या प्रमाणात वाढले नाहीत.

एक वर्षाच्या बी.एड.चे चित्र ज्यांनी ते केले त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन, मग दोन अध्यापन पद्धतींचे सराव पाठ, टाचण तपासून घेण्यासाठी प्राध्यापकांच्या दाराशी लागलेली रांग, पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक, आणि शेवटी वार्षिक पाठ. ‘किती पाठ झाले?’ हा त्या वर्षाचा खरा प्रश्न असे. मुलांना काय समजले, हा प्रश्न त्यामागे दडून जाई. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आशययुक्त अध्यापन हा घटक आणून विषयज्ञान आणि पद्धती यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. ती या राज्याची खरी देणगी आहे आणि तिला मिळायला हवी तेवढी दाद मिळालेली नाही. पण सराव पाठासाठी छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, शाळेत पाहुणा म्हणूनच जात असे. तासिका संपली की तो परत फिरे. ज्या वर्गाला त्याने शिकवले, त्या वर्गाची चाचणी किंवा पालकसभा त्याच्या वाट्याला येत नसे, आणि मागे पडलेल्या मुलाकडे पुन्हा वळून पाहण्याची संधीही त्याला मिळत नसे.

१९९३च्या कायद्याने नियामक परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले आणि १९९५पासून तिचे काम सुरू झाले. १९९९मध्ये काही केंद्रीय प्रादेशिक संस्थांनी दोन वर्षांचे बी.एड. प्रयोगादाखल सुरू केले. पण त्या काळातला मोठा प्रवाह उलट दिशेला होता, आणि तो म्हणजे संस्थांची संख्यावाढ. महाराष्ट्रात ही वाढ डी.एड.च्या अध्यापक विद्यालयांत सर्वांत ठळक दिसली. बारावीनंतर दोन वर्षे आणि मग जिल्हा परिषदेची नोकरी, हा ग्रामीण कुटुंबांना परवडणारा आणि समजणारा मार्ग होता. २०००पासून शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काढावी लागत असूनही त्याची ओढ कमी झाली नाही. राज्य शासनाचा विरोध असताना परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने राज्यात शेकडो नव्या अध्यापक विद्यालयांना मान्यता देण्याचे पाऊल उचलले, आणि प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले.

देशभरातील बी.एड. दोन वर्षांचे होण्याची वाट महाराष्ट्रातील या खटल्यातून निघाली, हे फारसे सांगितले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये एका माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली अध्यापक शिक्षणावर उच्चाधिकार आयोग नेमला, आणि राज्यातील वादग्रस्त २९१ संस्थांची तपासणीही त्याच्याकडेच सोपवली. त्यांतील बहुसंख्य संस्था मान्यतेस पात्र नाहीत, असा निष्कर्ष निघाला. २०१२च्या अहवालात आयोगाने सेवापूर्व अध्यापक शिक्षण देणाऱ्या सुमारे ९० टक्के संस्था खासगी असल्याची नोंद केली आणि अभ्यासक्रमांचा कालावधी वाढवण्याची शिफारस केली. आयोगाचा रोख केवळ मुदतीवर नव्हता. एकट्या, तुटक महाविद्यालयांऐवजी विद्यापीठाच्या इतर विभागांशी जोडलेल्या संस्था असाव्यात आणि शाळेतील अनुभव सलग व दीर्घ असावा, हे त्याचे म्हणणे होते.

या अहवालानंतर नोव्हेंबर २०१४ची नियमावली आली आणि २०१५-१६पासून बी.एड. व एम.एड. दोन्ही दोन वर्षांची झाली. तुकडी १००ऐवजी ५० विद्यार्थ्यांची झाली. बी.एड.मध्ये २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता (शाळेत राहून घ्यायचा कामाचा अनुभव) आली, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे. पदवीपासून एम.एड.पर्यंतचा प्रवास पूर्वी तीन अधिक एक अधिक एक असा पाच वर्षांचा होता, तो सात वर्षांचा झाला. विरोधाचा सूर प्रामुख्याने या हिशेबावरून लागला आणि तो अवाजवी नव्हता. २०१२पासून राज्यात शिक्षक भरती जवळजवळ थांबली होती. नोकरीची खात्री नसताना आणखी एक वर्षाचे शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च कोणी का सोसावा, हा प्रश्न विशेषतः मुलींच्या घरांत विचारला गेला. एम.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या.

मात्र मुदतीवरील या वादात निर्णयाचा सर्वांत कठीण भाग मागे पडला. २० आठवडे छात्राध्यापक बसणार कोणत्या शाळेत? नियमावलीत याचे उत्तर आकड्यांत आहे. १,००० पटाच्या (विद्यार्थिसंख्येच्या) शाळेत १०पेक्षा जास्त आणि २,००० पटाच्या शाळेत २०पेक्षा जास्त छात्राध्यापक पाठवू नयेत. दोन तुकड्यांच्या, म्हणजे दरवर्षी १०० प्रवेशांच्या महाविद्यालयाला दुसऱ्या वर्षासाठीच १,००० पटाच्या दहा शाळा हव्यात. मुंबई-पुण्यात त्या मिळतील, पण तालुक्याच्या गावी अशा दोन-तीन माध्यमिक शाळा असल्या तरी पुष्कळ झाले. संस्थेची स्वतःची जोडशाळा असणे या नियमावलीत ‘इष्ट’ आहे, बंधनकारक नाही. १९०४च्या ठरावात जी गोष्ट अभ्यासक्रमाचा पाया म्हणून आली होती, ती ११० वर्षांनी इष्टतेच्या रकान्यात गेली.

शाळांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. प्रवेश परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या लांबत गेल्या की महाविद्यालयाचे सत्र शाळेच्या सत्राशी जुळत नाही, आणि आंतरवासिता नेमकी दहावीच्या सराव परीक्षांच्या आसपास येते. मुख्याध्यापक नववी-दहावीचे वर्ग द्यायला कचरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण निकालाची जबाबदारी त्यांची असते. छात्राध्यापकाला मार्गदर्शन करणाऱ्या विषयशिक्षकाच्या कार्यभारात या कामाची नोंद नसते. डॉक्टर घडवणाऱ्या रुग्णालयाला जसे शिकवणारे रुग्णालय म्हणून स्थान आहे, तसे शिक्षक घडवणाऱ्या शाळेला कोणतेही स्थान या नियमांनी दिले नाही. आंतरवासिता हा निर्णय योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती शाळेला विश्वासात न घेता लादली गेली, हा त्यातील दोष आहे. परिणामी अनेक ठिकाणी १६ आठवडे हे पूर्वीच्या सराव पाठांचेच लांबवलेले रूप ठरले, आणि ‘दोन वर्षांत जे होते ते एका वर्षातही होत होते’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते उदाहरण मिळाले.

मुख्याध्यापकांच्या हाताखाली शिक्षकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकांचा प्रश्न याच पार्श्वभूमीवर पाहायला हवा, कारण शाळेतील मार्गदर्शनाची साखळी त्यांच्यापाशी पोहोचते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७च्या कायद्याखाली १९८१ची नियमावली आली. तिच्यानुसार मुख्याध्यापक होण्यासाठी पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, आणि त्यातील किमान दोन वर्षे प्रशिक्षणानंतरची हवीत. पर्यवेक्षकापासून मुख्याध्यापकापर्यंतची बढती सेवाज्येष्ठता यादीवर फिरते, आणि त्या यादीत शिक्षक ‘क’ प्रवर्गात, म्हणजे प्रशिक्षित पदवीधरांच्या गटात, कोणत्या तारखेला आला यावरून असंख्य वाद न्यायालयांत गेले आहेत. डी.एड. होऊन लागलेला आणि नंतर पदवी घेतलेला शिक्षक प्रशिक्षित पदवीधर केव्हापासून, या एका प्रश्नाने कित्येक शिक्षकखोल्या दुभंगल्या आहेत. सहकाऱ्याचा तास कसा पाहावा, वेळापत्रक कसे बसवावे, नवख्या शिक्षकाला कसे सांभाळावे हे शिकवणारा कोणताही अभ्यासक्रम मात्र या बढतीसाठी सक्तीचा नाही. एम.एड.मध्ये प्रशासन व पर्यवेक्षण हा विषय असतो, पण एम.एड. करणाऱ्यांची नजर बहुधा अध्यापक महाविद्यालयातील नोकरीकडे असते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका अनेक शिक्षकांनी नोकरी सांभाळून केली, आणि ही पोकळी काही अंशी तिनेच भरली. प्राथमिक स्तरावर १९९०च्या दशकात शाळांच्या एकेका गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झाली. शाळाभेट आणि शैक्षणिक मार्गदर्शन हे त्यांचे मूळ काम, पण माहिती गोळा करून वर पाठवण्यातच त्यांचा बराच वेळ जातो.

दरम्यान, बी.एड. कोणत्या इयत्तांसाठी, हाही प्रश्न उभा राहिला. शिक्षण हक्क कायदा २०१०मध्ये लागू झाल्यावर किमान अर्हता आणि पात्रता परीक्षा आली. जून २०१८च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमाच्या अटीवर पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी राजस्थानातील प्रकरणात ती मुभा अवैध ठरवली. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्याची वेगळी पदविका आहे, हा त्या निकालाचा गाभा आहे. डी.एड.ची पुढे डी.टी.एड. आणि मग डी.एल.एड. अशी नावे बदलत गेली, तरी तिचे हे वेगळेपण या निकालाने पहिल्यांदाच इतके ठामपणे मान्य झाले.

२०२०च्या धोरणाने बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा २०३०पर्यंत शिक्षकाच्या किमान अर्हतेचा मार्ग ठरवला. २०२३-२४मध्ये तो देशातील ५७ संस्थांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. विषय आणि अध्यापन दोन्ही एकत्र, बहुशाखीय संस्थेत शिकवायचे, ही २०१२च्या आयोगाची अपेक्षा त्यात उतरली आहे. मात्र फक्त बी.एड. चालवणाऱ्या शेकडो महाविद्यालयांनी बहुशाखीय व्हायचे ते कसे, कोणत्या कला-विज्ञान महाविद्यालयाच्या आश्रयाला जायचे, याच्या वाटाघाटी अजून चालू आहेत. मसुद्यानुसार अभ्यासक्रम सुरू झाले, तर काही वर्षे एकाच गावात एक वर्षाचे, दोन वर्षांचे आणि चार वर्षांचे छात्राध्यापक एकाच वेळी असतील. त्यांना पाठ घेण्यासाठी जायचे आहे ते गावातल्या त्याच दोन-तीन माध्यमिक शाळांमध्ये, आणि त्या शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी मसुद्यासोबत स्वतंत्र सूचना निघाली नव्हती.