मुंबई पोलिसांच्या जुन्या वास्तू

मुंबईत पोलीस आधी आले, त्यांच्या इमारती फार नंतर. सतराव्या शतकात कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने भंडाऱ्यांची पलटण उभारली. माहीम, शिवडी आणि शीव इथल्या सुभेदारांच्या हाताखाली ती बेटावर पहारा देई. पुढची दोनशे वर्षे अधिकारपदे बदलत राहिली. १४ डिसेंबर १८६४ रोजी फ्रँक सूटर शहराचे पहिले पोलीस आयुक्त झाले, तरी आयुक्तालय आजच्या जागी यायला १८९६ साल उजाडले.

क्रॉफर्ड मार्केटसमोरची ही गॉथिक वळणाची दगडी इमारत जॉन अ‍ॅडम्स यांची. एस्प्लनेड कोर्टही त्यांचेच. आयुक्तालयाची जागा बोलकी आहे. एका हाताला साहेबांचा फोर्ट, दुसऱ्या हाताला दाट वस्तीचे देशी शहर. १८९३ च्या दंगलीने हे शहर हादरले होते, आणि इमारत उभी राहत होती ती त्यानंतरच्याच वर्षांत.

कुलाब्याला रीगल सिनेमासमोर राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. ते मात्र पोलिसांसाठी बांधलेलेच नव्हते. व्हीटी स्थानक घडवणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी १८७२ ते १८७६ या काळात ते उभारले, बंदरावर उतरणाऱ्या युरोपीय खलाशांच्या मुक्कामासाठी. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे त्याचे मूळ नाव. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी २ लाख रुपये दिले होते. म्हणजे गोऱ्या खलाशांच्या डोक्यावरच्या छपरात मराठी संस्थानिकाचाही पैसा आहे. शिरोभागी आजही समुद्रदेव नेपच्यून दिसतो.

१९२८ मध्ये तिथे विधिमंडळ आले. २१ नोव्हेंबर १९५५ चा संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा याच सभागृहाकडे निघाला होता. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी तो अडवला, गोळीबार झाला आणि त्या दिवशी १५ माणसे गेली. १९८१ साली नरिमन पॉइंटला नवे विधान भवन झाले आणि पुढे जुनी वास्तू पोलिसांकडे आली. मोर्चेकऱ्यांना जिथे पोहोचू दिले नाही, तिथेच आज पोलीस महासंचालक बसतात. त्या दाराशी हा इतिहास सांगणारा ठळक फलक असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

वारसा म्हटले की आपण या दोन इमारतींवरच थांबतो. शिपाई कुठे राहिला, हे क्वचितच विचारले जाते. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला २०७ बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या. त्यांतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत, सामाईक संडास वापरत पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. गिरणी कामगार शेजारी होते. संप झाला की एका खोलीतला माणूस बंदोबस्ताला जाई, तर पलीकडच्या खोलीतला मोर्चात असे. या चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. निदान एखादी खोली तरी जशीच्या तशी जपायला हवी.