टाईट टायर आणि नसलेला घाट

सायकलवर सामान बांधून लांब निघालात की गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत पंक्चरवाला एकच सल्ला देतो: हवा टाईट भरा, सायकल हलकी चालेल. गुळगुळीत डांबरावर हे बऱ्याच अंशी खरं आहे. खडीच्या वाटेवर मात्र साफ चूक, आणि ते का चूक यात फार सुंदर भौतिकशास्त्र आहे.

अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून, वर चुनखडीचा बारीक चुरा दाबून सायकलवाटा केल्या आहेत. पिट्सबर्ग ते कंबरलँड ही अशीच एक, सुमारे 240 किलोमीटरची. तिच्यावर सर्वात खडा चढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 100 मीटरला पावणेदोन मीटर. हा सौम्यपणा रेल्वेकडून आलेला आहे. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी, त्यामुळे गाडीला चढ झेपत नाही. आपल्या कोकण रेल्वेचा चढ 150 मीटरला 1 मीटर असा बेताचा ठेवला आहे. कुळे ते कॅसलरॉक घाटात तो 37 ला 1 होतो आणि मालगाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. (त्या चालू रुळांच्या कडेने दूधसागरला जाऊ नका. ते बेकायदा आहे आणि जीवघेणंही.)

आता टायर खडीवर येऊ द्या. चाकाखाली सुपारीएवढा खडा आला. टायर मऊ असेल तर रबर खड्याभोवती दबतं, खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. सायकल जवळजवळ त्याच उंचीवर राहते. टायर दगडासारखा टणक असेल तर रबर दबत नाही, सायकल, सामान आणि स्वार सगळेच वर उचलले जातात. ही उचल फुकट होत नाही, ती ऊर्जा तुमच्या पायांतून येते. खाली येताना तिचा काही भाग परत मिळतो, बाकीचा हादऱ्यातून शरीरात शिरतो, स्नायू आणि चरबी थरथरून एकमेकांवर घासतात आणि त्याची उष्णता होते. संध्याकाळी तळहात बधिर होतात त्याला हे हादरेही कारण असतात.

हिशोब करून बघा. स्वार, सायकल, सामान मिळून 100 किलो. दर मीटरला एकूण 1 सेंटीमीटर उचल वाया गेली, तर मीटरमागे सुमारे 10 ज्यूल गेले. 100 मीटरला 1 मीटर अशा चढावर मीटरमागे नेमके तेवढेच लागतात! म्हणजे रेल्वेच्या इंजिनिअरांनी डोंगर कापून जो चढ घालवला, तो टाईट हवेने तुम्ही दिवसभर परत विकत घेता. ताशी 15 किलोमीटरला ते 40 वॉट होतात, आणि सामान्य माणूस दिवसभर टिकवून धरतो ती ताकद 100 वॉटच्या आसपास.

मग हा गैरसमज आला कुठून? प्रयोगशाळेत टायर गुळगुळीत पोलादी पिंपावर फिरवून तपासतात. तिथे खडे नसतात, वर माणूसही बसलेला नसतो. उरतं ते फक्त रबर दबून-सुटून होणारं नुकसान, आणि ते हवा वाढवली की घटतं. मागच्या चाकावर 60 किलो भार धरला तर 80 पीएसआयला (हे हवेचा दाब मोजायचं एकक) टायर जमिनीला सुमारे 11 चौरस सेंटीमीटर टेकतो, 40 ला सुमारे 21. रुंद टायर त्याच हवेत तेवढंच टेकतो, पण आडवा पसरतो. त्यामुळे तो कमी खोल दबतो आणि खडीवर रुंद टायर, कमी हवा ही जोडी जमते.

नायट्रोजन भरून घेतल्याने यात काही फरक पडत नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि उन्हात दोन्हींचा दाब सारखाच वाढतो. सायकलच्या चाकात तो पैसे देऊन भरून घेणं ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

हवा उतरवायची किती? स्वार बसल्यावर टायरची उंची साधारण 15 टक्के घटावी. हवा त्याहूनही उतरवलीत तर खडा रिमपर्यंत पोचतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा कमी भरा, कारण वजनाचा मोठा वाटा मागे असतो, आणि सामान मागच्या कॅरिअरवर असेल तर आणखीच.