काच मोजा, मग पाटी वाचा

सोलापुरात नवी पेठेतल्या एका बंद स्टुडिओच्या माळ्यावरून परवा एक लाकडी कॅमेरा खाली उतरवला. मित्राच्या आजोबांचा. घड्याघड्यांच्या चामडी भात्यावर धुळीचा थर, पितळी पाटीवर मुंबईच्या एका दुकानाचं नाव. "विलायती आहे, महोगनीचा," असं घरात सगळे सांगत आलेले.

पाटीवर मी लगेच विसंबत नाही. दुसऱ्याने घडवलेल्या कॅमेऱ्यावर विक्रेत्याने आपली पाटी ठोकायची, हे इंग्लंडमध्येही सर्रास चालायचं. त्यापेक्षा मागच्या दुधी काचेचं माप घ्यावं. प्लेटची स्लाइड, म्हणजे फिल्मऐवजी वापरायची काचेची प्लेट धरणारी चौकट, हाती लागली तर उत्तमच, तिच्यातली खाच नेमकं माप देते. ब्रिटिश हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंच, फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. अमेरिकी कॅमेरा 5 बाय 7 किंवा 8 बाय 10 इंचांचा, जर्मन-फ्रेंच बहुधा 13 बाय 18 सेंटिमीटरचा. आमची टेप हाफ प्लेटवर थांबली. पण तेवढ्याने तो विलायती ठरत नाही. ब्रिटिश मापं आपल्याकडेही रुळली होती, आणि 1940च्या दशकापासून केरळात अलप्पुळाला ‘वागीश्वरी’ हे अस्सल देशी कॅमेरे बनू लागले होते.

मग लाकूड. पॉलिशवरून महोगनी आणि सागवान ओळखायला जाऊ नये, दोन्ही तपकिरीच दिसतात. फळीचं आडवं कापलेलं टोक भिंगाखाली धरा. सागवानात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. महोगनीत छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात. आम्हाला ओळी दिसल्या. सागवान! मित्राचा चेहरा जरा उतरला, पण तसं व्हायचं कारण नव्हतं. उष्ण प्रदेशांसाठी इंग्रज कारखानेही मुद्दाम सागवानी कॅमेरे बनवत आणि सांध्यांवर पितळी पट्ट्या ठोकत, कारण जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस दमट हवेत सैल पडतो. आपल्या सोलापुरात त्रास उलटा. उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि आकसतं, तेही लांबीत जवळपास नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. या कॅमेऱ्याची तळफळी तशीच मधोमध उकललीय.

काळ ठरवायला आतला तळ बघितला. ओल्या कलोडियन प्लेटच्या, म्हणजे चिकट द्राव लावून ओली असतानाच वापरायच्या काचेच्या, काळातल्या कॅमेऱ्यात सिल्व्हर नायट्रेट ठिबकून काळे डाग पडलेले असतात. इथे लाकूड स्वच्छ होतं, म्हणजे बहुधा कोरड्या प्लेटच्या जमान्यातला. कोरडी प्लेट आली 1871 नंतर. लेन्सचा पुरावा मी सगळ्यात शेवटी धरतो, कारण स्टुडिओवाले ती गरजेप्रमाणे बदलत.

शेवटी खोलीत अंधार केला, भात्यात मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला. सपाट घड्या काळ्याकुट्ट राहिल्या. चारही कोपऱ्यांवर मात्र, जिथे चामडं दोन दिशांनी दुमडतं, तिथे बारीक ठिपके चमकायला लागले, म्हणजे तिथे भोकं पडलेली. मित्र खडूने एकेका ठिपक्याभोवती गोल काढत बसला. सतरा निघाले.